दाखल्यावरची तारीख आणि आईने सांगितलेली तारीख : आत्मचरित्र लिहू पाहणाऱ्यांसाठी

खानदेशातल्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसांचे शाळा सोडल्याचे दाखले शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून निघते. पोराचे नाव घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत, कान हाताला लागला की वय भरले असे धरत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून मोकळे होत. त्याच मुलाच्या आईला विचारले, तर ती सांगे की हा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दोन दिवस आधीचा, आणि त्या साली घरची तांबडी गाय व्याली होती.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आत्मचरित्र लिहू पाहणाऱ्या लोकांबरोबर मी काही वर्षे बसतो आहे. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर कोरी वही घेऊन आले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, की यांतली कोणती तारीख लिहायची. दोन्ही लिहा, आणि दोन कशा झाल्या तेही लिहा, असे मी त्यांना सांगितले. नोकरीच्या अर्जात दोन तारखा चालत नाहीत. आत्मचरित्रात मात्र त्या दोन तारखांच्या मधल्या जागेतच लिहिणाऱ्याचे घर, गाव आणि काळ असतो.

आत्मचरित्र म्हणजे काय

स्वतःचे चरित्र स्वतः लिहिणे, हा शब्दाचा अर्थ सोपा आहे. पण त्यावरून त्या लेखनाचे स्वरूप कळत नाही. फिलिप लज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ साली मांडलेली कल्पना मला नवख्या माणसासाठी सर्वांत उपयोगी वाटते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ज्याचे नाव आहे तो, आतली हकीकत सांगणारा ‘मी’ आणि जिच्यावर ती हकीकत घडली ती व्यक्ती, हे तिघे एकच आहेत असा लेखकाने वाचकाशी केलेला करार म्हणजे आत्मचरित्र, असे त्याचे म्हणणे आहे. खरेदीखतात जसे लिहून देणार आणि लिहून घेणार असतात, तसेच येथे लेखक लिहून देतो आणि वाचक त्या भरवशावर वाचतो. लेखकाची आठवण चुकली तर वाचक ती पोटात घालतो. त्याने जाणूनबुजून फसवले असे वाटले, तर मात्र तो पुस्तक मिटतो.

हा करार कोठे संपतो, हे पाहण्यासाठी आपल्याकडचेच उदाहरण घेता येईल. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातले कोकण, त्यातली आई आणि त्यातले दारिद्र्य त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही सांगणाऱ्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने असे नसून श्याम असे आहे, आणि तो रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो अशी रचना लेखकाने केलेली आहे. म्हणून ते पुस्तक आत्मचरित्राच्या अगदी उंबऱ्यावर असले, तरी आत्मचरित्र नव्हे. नाव बदलले की लेखकाला एक मोकळीक मिळते आणि वाचकाचा एक हक्क जातो. ही देवाणघेवाण आपल्याला हवी आहे का, हे प्रत्येकाने लिहिण्याआधीच ठरवावे.

शेजारचे इतर प्रकारही ओळखून ठेवावेत. रोजनिशी त्या त्या दिवशी लिहिली जाते, त्यामुळे उद्या काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. चरित्र दुसऱ्याचे असते आणि ते कागदपत्रांच्या आधाराने उभे राहते. आठवणींच्या पुस्तकात भर लेखकाने पाहिलेल्या माणसांवर आणि प्रसंगांवर असतो. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या पुस्तकाचे नावच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे आहे. त्यातला ‘आमच्या’ हा शब्द आणि ‘काही’ हा शब्द, दोन्ही अगदी नेमके आहेत, कारण त्या पुस्तकाच्या मध्यभागी त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे आहेत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, आणि दलित-भटक्या समाजांतून आलेल्या या वळणाच्या लेखनाला ‘आत्मकथन’ म्हणण्याची रीत पडली. हे लेखक आयुष्याच्या अखेरीस कर्तृत्वाचा हिशेब मांडायला बसलेले नव्हते. ते तरुण किंवा मध्यम वयाचे होते आणि एकट्याच्या नावाने साऱ्या वस्तीचे जगणे सांगत होते. त्याआधी कितीतरी शतके नामदेवांनी आणि तुकोबांनी अभंगांतून स्वतःविषयी सांगितलेले आहेच. थोर माणसानेच आत्मचरित्र लिहावे, ही समजूत आपल्या परंपरेत फार खोल रुजलेली नाही, आणि ते बरेच झाले.

दोन ‘मी’

करारात तिघे एक असले, तरी पानावर ‘मी’ दोन असतात. एक तेव्हाचा, ज्याला पुढचे काही ठाऊक नाही. दुसरा आजचा, ज्याला सगळे ठाऊक आहे. आत्मचरित्राचा सगळा पोत या दोघांच्या संबंधावर अवलंबून असतो. आजचा ‘मी’ सारखा मध्ये बोलू लागला, तर लेखनाचे प्रवचन होते. तो अजिबात बोलला नाही, तर घटनांची यादी उरते आणि वाचकाला वाटते की या माणसाने एवढ्या वर्षांत मागे वळून पाहिलेच नाही.

कंडक्टरसाहेबांच्या वहीतला एक प्रसंग सांगतो. १९७२च्या दुष्काळात ते आईबरोबर खडी फोडण्याच्या कामावर जात. लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि वाटपात मिळणारी सुकडी यांचे त्यांनी केलेले वर्णन फार चांगले होते, आणि आपण तेव्हा सात वर्षांचे होतो असे त्यांनी खात्रीने लिहिले होते. दाखल्यानुसार त्यांचा जन्म १९६२चा, म्हणजे ते दहा वर्षांचे असायला हवेत. दाखल्यात तीन वर्षांची चूक असेल, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. पण त्यांच्या थोरल्या बहिणीकडे चौकशी केली, तेव्हा निघाले की सातव्या वर्षी त्यांना मामाच्या गावी ठेवले होते, आणि एकटेपणाची, आईची वाट पाहण्याची जी भावना त्यांनी खडीच्या ढिगाशी जोडली होती, ती मामाच्या ओट्यावरची होती. दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यांना आधी वाईट वाटले, आपले लिहिणे खोटे ठरले असे वाटले. मी त्यांना पहिला मजकूर तसाच ठेवायला लावला आणि त्याच्या खाली, मला असे आठवत होते, पण बहीण असे सांगते, हा मजकूर घालायला लावला. त्या वहीतली सर्वांत चांगली दोन पाने तीच आहेत. स्मृती ही पेटीत ठेवलेल्या कागदासारखी नसते, ती दर वेळी नव्याने रचली जाते. म्हणून आत्मचरित्रातले सत्य पडताळायचे असते, तसेच ते कसे रचले गेले हेही दाखवायचे असते.

पहिली पायरी : टिपणांची वही

लगेच पहिले प्रकरण लिहायला घेऊ नये. महिना-दोन महिने नुसती टिपणे काढावीत, एका पानावर एकच आठवण, आणि क्रमाची चिंता करू नये. साल आठवत नसेल तर ज्या खुणेने आठवते ती खूण लिहावी, कारण आपल्याकडची माणसे साल मोजत नाहीत, खुणा मोजतात: बहात्तरचा दुष्काळ, घरात वीज आली ते वर्ष, बहिणीच्या लग्नाची कानबाई (देवीची पूजा), विहिरीला पाणी लागले तो उन्हाळा. आठवण अडली तर वस्तूकडून शिरावे. जाते कोठे होते, कंदील कोणत्या खुंटीला असे, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापताना परातीचा आवाज कसा येई, असे स्वतःला विचारत गेले की माणसे आपोआप खोलीत येतात. ‘माझे बालपण कसे होते’ असे विचारले, तर मात्र ‘हलाखीचे होते’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्याचा लिहायला काही उपयोग नाही.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा हात थरथरतो, त्यांनी सांगावे आणि घरातल्या कोणी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून मग उतरवून घ्यावे. यात कमीपणा नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, पुस्तक निघू शकले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर केलेली प्रवचनेही साने गुरुजींनी उतरवून घेतली होती. उतरवणाऱ्याने एकच पथ्य पाळावे, ते म्हणजे सांगणाऱ्याचे वाक्य ‘सुधारू’ नये. आणि पुस्तक झालेच, तर शब्दांकन कोणाचे आहे हे स्पष्ट छापावे, कारण तोही कराराचाच भाग आहे.

दुसरी पायरी : कागदांशी गाठ

टिपणे झाली की कागद काढावेत. शाळेचे जनरल रजिस्टर, सातबारा आणि त्यामागचे फेरफार, जुने रेशनकार्ड, लग्नपत्रिका, नोकरीचे सेवापुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, गटाचे फोटो. फेरफारात वारसांची नावे आणि तारखा असतात, त्यामुळे आजोबा कोणत्या साली गेले, जमीन कधी वाटली गेली, कोणत्या बहिणीने हक्क सोडला, हे तेथे सापडते. घरात त्याविषयी कोणी बोलत नसले तरी सापडते.

काळाचे तपशील तपासताना काही ठिकाणी हमखास चूक होते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले; महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची जळगाव आणि धुळे ही नावे रूढ झाली, आणि नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हा १९४८ साली जन्मलेल्या शहाद्याच्या माणसाने ‘माझा जन्म नंदुरबार जिल्ह्यात झाला’ असे लिहिले, तर ते आजच्या ‘मी’चे वाक्य झाले. ‘तेव्हाच्या पश्चिम खानदेशात’ असे लिहावे आणि पुढे हवे तर आजचे नाव द्यावे. तसेच नवे पैसे १ एप्रिल १९५७पासून आले. त्याआधीच्या प्रसंगात आणे आणि पै हवेत. किलो आणि लिटर रुळायलाही पुढची काही वर्षे लागली, म्हणून त्या काळच्या धान्याचे माप शेर-पायलीत द्यावे. हे बारकावे कोण पाहतो, असे म्हणू नये. गावातला एक तरी म्हातारा पाहतोच.

तिसरी पायरी : सूत्र निवडणे

आयुष्यात घडलेले सगळे लिहिता येत नाही, आणि लिहिले तर कोणी वाचत नाही. निवड हाच आत्मचरित्राचा पाया आहे. नवखा लेखक बहुतेक वेळा वंशावळीपासून सुरू करतो, मग शिक्षण, नोकरी, बदल्या, मुलांची लग्ने, सत्कार अशा क्रमाने निवृत्तीपर्यंत येतो. ही सेवापुस्तकाची रचना आहे, ती माणसाची नव्हे. टिपणांची पाने जमिनीवर पसरून पाहावीत आणि कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते ते शोधावे. एका शिक्षिकेच्या टिपणांत सतत पाणी येत होते, विहीर, हंडा, तापीचा काठ, शाळेतला माठ. त्यांनी पाण्याच्या धाग्यावर सगळे लिहिले. कंडक्टरसाहेबांच्या बाबतीत त्यांचा मार्ग हेच सूत्र झाले, चाळीसगाव ते धुळे, आणि एकेका थांब्यावर आयुष्यातला एकेक टप्पा. सूत्र ठरले की काय गाळायचे ते कळू लागते. गाळलेली पाने फाडू नयेत, वेगळ्या पाकिटात ठेवावीत.

चौथी पायरी : भाषा

हा प्रश्न खानदेशातल्या लिहिणाऱ्याला अधिक अडतो. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, यावल-रावेरच्या बाजूला लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी आणि भिली, अशी बोलींची रेलचेल असताना ‘मी’ने कोणत्या भाषेत बोलावे? काहींनी सबंध पुस्तक बोलीत लिहावे आणि ते जरूर लिहावे. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवावेत. म्हणजे आजचा ‘मी’ आणि तेव्हाचा ‘मी’ यांचा फरक भाषेतूनच दिसतो. आईने ‘कथा जाई ऱ्हायना रे?’ असे विचारले असेल, तर तिच्या तोंडी ‘तू कोठे निघाला आहेस, बाळ?’ असे घालणे म्हणजे दुसऱ्याच बाईला आपली आई म्हणणे होय. अर्थ कळणार नाही या भीतीने प्रत्येक बोली शब्दापुढे अर्थ देत बसू नये. ‘वावर’, ‘आंडोर’, ‘मनी माय’ हे शब्द पुढच्या-मागच्या वाक्यांवरून कळतात. मात्र आपल्याच गावची बोली लिहावी. पुस्तकातून उचललेली बोली आठ कोसांवरच्या वाचकालाही खटकते.

पाचवी पायरी : पहिला खर्डा

‘माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला’ या वाक्याने सुरुवात करण्याचा मोह आवरावा. ते खरे असेल, पण ते कोणाचेही असू शकते. एखाद्या प्रसंगापासून सुरुवात करावी, ज्यात जागा, वेळ आणि निदान दोन माणसे आहेत. गरिबी, दुःख, अभिमान हे शब्द टाळून ती गोष्ट ज्यातून दिसते ते लिहावे: परीक्षेच्या फीसाठी कोणाकडे हात पसरला, ते पैसे किती होते, परत केव्हा केले, केले का. स्वतःची फजिती, स्वतःचा हलकेपणा यांनाही जागा द्यावी. ज्या आत्मचरित्रात लेखकाची एकदाही चूक होत नाही, त्याला मी आत्मचरित्र न म्हणता प्रशस्तिपत्र म्हणतो. उलट, दोष कबूल करण्याच्या आवेशात स्वतःची आरती ओवाळण्याचाही एक प्रकार असतो. तो ओळखायला वेळ लागतो. रोज एक पान या गतीने लिहावे आणि मागचे पान दुरुस्त करत बसू नये.

सहावी पायरी : दुसऱ्यांची आयुष्ये

आपले आयुष्य सांगताना आपण बायकोचे, भावाचे, शेजाऱ्याचे आयुष्यही उघडे करत असतो, आणि त्यांनी आपल्याशी कोणताही करार केलेला नसतो. जिवंत माणसाचे खासगी दुखणे, एखाद्या बहिणीचे मोडलेले लग्न, भाऊबंदकीतली शिवीगाळ लिहिण्यापूर्वी तिघांना विचारावे: संबंधित माणसाला, घरातल्या एका जाणत्या बाईला आणि स्वतःला. हे लिहिल्याने माझी गोष्ट कळते, की माझा राग फिटतो? राग फिटत असेल तर तो उतारा पाकिटात. आवश्यक तेथे नाव आणि गाव बदलावे, आणि काही नावे बदलली आहेत असे आरंभी सांगून टाकावे, म्हणजे करार मोडत नाही. एक कायदेशीर बाबही ध्यानात ठेवावी. बदनामीच्या फौजदारी खटल्यात मजकूर खरा आहे एवढेच पुरेसे नसते, तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. आणि दुसऱ्याने आपल्याला लिहिलेले पत्र कागद म्हणून आपले असले, तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा असतो. सबंध पत्र छापायचे तर परवानगी घ्यावी.

सातवी पायरी : वाचून दाखवणे आणि थांबणे

खर्डा पुरा झाला की महिनाभर बाजूला ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा, शक्यतो अशा माणसासमोर ज्याने तो काळ पाहिला आहे. तो हसला तेथे खूण करावी, त्याने ‘असं नव्हतं’ म्हटले तेथेही करावी. वाद घालू नये. त्याचे म्हणणे टिपून घ्यावे, कारण कदाचित तेच पुढचे पान असेल. छपाईची घाई नको. घरातल्या माणसांसाठी वीस-पंचवीस प्रती टंकलिखित करून बांधून घेतल्या, तरी काम झाले. पुस्तक विक्रीला काढायचे असेल तर आय.एस.बी.एन. क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

शेवट कोठे करावा, हा प्रश्न इतर कोणत्याही लेखनापेक्षा येथे अवघड आहे, कारण ज्याचे चरित्र आहे तो अजून जिवंत असून उद्या सकाळी दूध आणायला जाणार आहे. कादंबरीतल्या नायकाला मारता येते, येथे ते शक्य नाही. म्हणून निवडलेले सूत्र जेथे संपते तेथे थांबावे, आयुष्य कोठवर आले आहे ते पाहू नये. कंडक्टरसाहेबांनी शेवटच्या फेरीच्या रात्री तिकिटांचे मशीन आगारात जमा केले, तेथे वही संपवली. त्यानंतरची पाच वर्षे त्यांनी लिहिली नाहीत. शेवटच्या ओळीखाली मात्र गावाचे नाव आणि तारीख घालायला विसरू नये. पुढे दहा वर्षांनी त्यांनीच पुन्हा लिहायला घेतले, तर लिहिणारा ‘मी’ वेगळा असेल, आणि हे पुस्तक कोणत्या ‘मी’ने लिहिले हे वाचकाला त्या तारखेवरूनच कळेल. कंडक्टरसाहेबांनी ती तारीख घातली आणि क्षणभर थांबून विचारले, की ही तरी एकच लिहायची ना.